दोन गॅस्केटचं हेड: राजदूत 350 एलटीवरचं एक काम

गाडी राजदूत 350, 1986 ची, एलटी (लो टॉर्क). मालक कोल्हापूरचेच. तक्रार अशी की चढाला पाचव्या गिअरमध्ये थ्रॉटल उघडला की उजव्या सिलिंडरातून खणखण आवाज येतो, आणि आंबा घाटात एकदा तोच पिस्टन जाम झालेला. मागणी मात्र दुसरीच होती: हेडचं (सिलिंडरच्या वरच्या झाकणाचं) काम करून ताकद वाढवून द्या.

गाडी याआधी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये जाऊन आली होती. तिथे "हेड उडवून", म्हणजे हेडचा खालचा पृष्ठभाग कापून, कम्प्रेशन वाढवलं होतं. महिनाभर गाडी जोरात पळाली, मग नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून होणारी खणखण, सुरू झालं. त्यावर तिथला उपाय सोपा होता, प्रत्येक हेडखाली एक गॅस्केट (हेड आणि बॅरलमधली चकती) जास्त टाकायचं. मालकांचा प्रश्न रास्त होता. "मिस्त्री, दोन गॅस्केट घातल्यावर कम्प्रेशन कमी झालं ना? मग अजून का वाजतंय?"

हे सगळं प्रकरण या एका प्रश्नाभोवती आहे. जुन्या टू-स्ट्रोकच्या हेडबद्दल बोलताना लोक कम्प्रेशनचाच आकडा धरून बसतात. इथे कम्प्रेशन जवळजवळ कंपनीइतकंच होतं आणि तरी इंजिन स्वतःला खात होतं.

इंजिन काय आहे

यामाहाच्या आरडी 350 ची ही एस्कॉर्ट्सने इथे काढलेली आवृत्ती, 1983 पासूनची. एअर-कूल्ड, दोन सिलिंडर शेजारीशेजारी, 64 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), 54 मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), 347 सीसी, रीड वाल्व (आत येणाऱ्या मिश्रणाची झडप), सहा गिअर. आधीच्या एचटीची (हाय टॉर्क) ताकद साडेतीस अश्वशक्ती. नंतरच्या एलटीत मायलेजसाठी पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली भोकं) आणि सायलेन्सर बदलून ती 27 च्या आसपास आणली. त्यामुळे एलटीवाल्यांच्या मनात कायम एक सल असतो, आणि गॅरेजवाल्यांचा धंदा त्या सलावर चालतो.

कंपनीचा कम्प्रेशनचा आकडा 6.6, म्हणजे मिश्रण इतक्या पटीने दाबलं जातं. हा पूर्ण स्ट्रोकवर काढलेला नाही. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर जाताना एक्झॉस्ट पोर्ट बंद होईपर्यंत काहीच दाबलं जात नाही, म्हणून जपानी कंपन्या पोर्ट बंद झाल्यापासूनचा हिशोब धरतात. पूर्ण स्ट्रोक धरला तर याच इंजिनाचा आकडा दहाच्या वर जातो. दोन गाडीवाले कट्ट्यावर आकड्यांवरून भांडतात तेव्हा बहुतेक वेळा एक जण एका पद्धतीने मोजत असतो आणि दुसरा दुसऱ्या.

उघडायच्या आधी

हेडला हात लावण्याआधी बाकीच्या संशयितांना मोकळं करायचं, हा आमच्याकडचा नियम. नॉकिंगची कारणं हेडबाहेरही खूप असतात.

पहिलं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. या गाडीत पॉइंट (ठिणगी सोडणारे संपर्क) आहेत, दोन सिलिंडरना दोन वेगळे, आणि टायमिंग आपोआप पुढेमागे होत नाही. एकदा लावलं की सगळ्या आरपीएमला तेच. कंपनीचं माप पिस्टन टॉपच्या, म्हणजे त्याच्या सर्वांत वरच्या जागेच्या, 2 मिमी आधी, म्हणजे क्रँकचे साधारण 20 अंश. प्लगच्या भोकात डायल (काट्याचं मोजयंत्र) लावून बघितलं तर डावं 2.0 वर होतं आणि उजवं 2.4 वर, म्हणजे 22 अंशांच्या आसपास. वाजत होतं तेही उजवंच. दोन अंश ऐकायला किरकोळ वाटतात; चढावर तापलेल्या एअर-कूल्ड इंजिनाला ते किरकोळ नसतात.

दुसरं, हवा कुठून शिरते का. रीडपुढचं रबर चिरलेलं निघालं, ते बदललं. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून इंजिनात सहा पीएसआय हवा भरून ठेवली. काटा जागचा हलला नाही, म्हणजे क्रँकची सील शाबूत.

तिसरं पेट्रोल. मालकांचा सगळा राग पेट्रोलवर होता, आणि अर्धा बरोबर होता. आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं. त्याचं ऑक्टेन या गाडीच्या तरुणपणातल्या साध्या पेट्रोलपेक्षा कमी नाही, उलट जास्त आहे, त्यामुळे "पेट्रोल हलकं म्हणून वाजतं" हे इथे लागू होत नाही. पण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला 14.7 किलो हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं भोक) तोच ठेवला तर मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं. टू-स्ट्रोकमध्ये पातळ म्हणजे गरम. म्हणून मेन जेट दोन पायऱ्यांनी वाढवला.

टायमिंग, रबर आणि जेट एवढं करून, जुनं हेड तसंच ठेवून, गाडी पन्हाळ्याच्या चढाला नेली. आवाज बराच कमी झाला, पण गेला नाही. हा टप्पा महत्त्वाचा होता. सगळं एकदम बदललं असतं तर शेवटी श्रेय हेडला द्यायचं की जेटला, हे कुणालाच सांगता आलं नसतं. आता जे शिल्लक राहिलं ते हेडच्या खात्यावर.

मोजमाप

हेड काढल्यावर उजव्या पिस्टनची कड एक्झॉस्टच्या बाजूला वाळू मारल्यासारखी खडबडीत दिसली. तिच्या बरोबर वर, हेडच्या काठावरही तेच. ही नॉकिंगची सही आहे. पातळ मिश्रणाने पिस्टन वितळतो तेव्हा भोक सहसा मधोमध पडतं. नॉकिंग काठाला कुरतडतं.

आता काठावर नेमकी किती फट आहे ते बघायचं. सोल्डरची तार पिस्टनच्या माथ्यावर काठापर्यंत टेकवायची, हेड कसायचं, क्रँक हाताने फिरवून पिस्टन टॉपवरून न्यायचा, तार काढून चपटा झालेला भाग कॅलिपरने मोजायचा. तार गजनपिनच्या (पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या पिनेच्या) रेषेत दोन्ही टोकांना लावायची, नाहीतर पिस्टन डुलतो आणि माप खोटं येतं. नेहमीची 2 मिमीची तार घातली तर ती जशीच्या तशी बाहेर आली, कुठे दबलीच नव्हती. 3 मिमीची घातल्यावर डावीकडे सरासरी 2.5, उजवीकडे 2.3, आणि उजव्या हेडच्या दोन टोकांत 0.15 चा फरक. म्हणजे आधीचं फेसिंग (हेडचा पृष्ठभाग कापून सपाट करणं) तिरकं झालेलं.

ही फट कुठून आली त्याचा हिशोब लागतो. टॉपला पिस्टनची कड बॅरलच्या पृष्ठभागाच्या 0.2 मिमी खाली थांबते. दाबलेलं एक गॅस्केट 0.9, म्हणजे दोनांचे 1.8. हेडच्या काठाला उरलेली खाच साधारण 0.4. बेरीज 2.4.

मग आकारमान. पिस्टन टॉपला, कडेला ग्रीसचा पातळ थर, हेड कसलेलं, आणि प्लगच्या भोकातून ब्युरेटने (मापाच्या काचनळीने) पातळ केलेलं टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल. भोकाच्या तोंडापर्यंत भरल्यावर प्लगच्या आट्यांचे दीड सीसी वजा करायचे. डावं 18.6 सीसी, उजवं 17.5. एकाच क्रँकवरच्या दोन सिलिंडरांत 1.1 सीसीचा फरक! या गाडीचं आयडलिंग कधीच का बसलं नसेल, ते इथे कळलं.

बोअर वाढवून 64.5 झालेला, त्यामुळे पिस्टनचं क्षेत्रफळ 32.67 चौ. सेंमी. या बॅरलमध्ये एक्झॉस्ट बंद झाल्यावर टॉपपर्यंत 30.5 मिमी उरतात, म्हणजे अडकलेलं मिश्रण 99.7 सीसी. त्यावरून कम्प्रेशन डावीकडे 6.4, उजवीकडे 6.7.

म्हणजे कंपनीच्या 6.6 च्या आसपासच. हेड उडवून वाढवलेलं कम्प्रेशन दुसऱ्या गॅस्केटने परत घेतलं होतं. मालकांचं गणित चुकलं नव्हतं. पण नॉकिंग होतं ते त्या गणितात न येणाऱ्या जागेत.

काठाची फट

स्पार्क प्लग मधोमध. ज्योत तिथून निघून काठाकडे जाते. ती पोचेपर्यंत काठावरचं उरलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं, आणि ज्योतीची वाट न बघता आपणच पेटलं की खणखण ऐकू येते. यावरचा जुना इलाज म्हणजे हेडचा बाहेरचा कडा पिस्टनच्या अगदी जवळ आणायचा. टॉपला येताना तिथलं मिश्रण पिळून मध्यभागी फेकलं जातं, तिथे खळबळ माजते, जळणं लवकर उरकतं. आणि काठावर जे थोडं राहतं ते दोन थंड धातूंमधल्या पातळ थरात असतं, त्याला पेटायला उष्णता पुरत नाही. या कड्याला स्क्विश बँड म्हणतात. हॅरी रिकार्डोने पहिल्या महायुद्धानंतर साइड-वाल्व इंजिनांच्या हेडमध्ये हाच विचार वापरला होता, तोही याच कारणासाठी: तेव्हाचं पेट्रोल वाईट होतं आणि इंजिनं वाजायची.

मात्र बँड जवळ असेल तरच उपयोग. आमच्या हेडचा बँड बोअरच्या क्षेत्रफळाच्या 35 टक्के, म्हणजे 11.4 चौ. सेंमी. त्यात 2.4 मिमी फट धरली तर काठावर 2.7 सीसी मिश्रण बसतं, एकूण जागेच्या 15 टक्के. ते पिळून बाहेर जायला फट फार मोठी, आणि थंड राहायलाही फार मोठी. दुसरं गॅस्केट घातल्याने कम्प्रेशन थोडं उतरलं, पण काठावरचा हा पेटणारा साठा वाढला. थोडक्यात, नॉकिंगवर म्हणून केलेल्या उपायाने नॉकिंगचीच जागा रुंद केली.

हा उपाय आपल्याकडे अजूनही सर्रास होतो, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं. जाड गॅस्केट हा कम्प्रेशन कमी करण्याचा मार्ग टू-स्ट्रोकमध्ये जवळजवळ नेहमीच चुकीचा आहे. कम्प्रेशन कमी करायचं तर हेडमधली मधली वाटी, जिथे मिश्रण जळतं ती, खोल करा. काठाला हात लावू नका.

काम

ठरवलेली मापं: फट 1.0 मिमी, बँड बोअरच्या 45 टक्के, कम्प्रेशन 6.9. रेसच्या इंजिनांत फट 0.7-0.8 पर्यंतही नेतात. इथे जुना क्रँक, एअर-कूलिंग आणि रस्त्यावरची गाडी. वेगात रॉड ताणला जातो, बेअरिंगची ढिलाई भर घालते, आणि पिस्टन हेडला टेकला की पुढचं सांगायला नको. कनेक्टिंग रॉडला वर-खाली ढिलाई नाही याची खात्री करूनच 1.0 वर आलो.

45 टक्क्यांचा बँड म्हणजे आतल्या वाटीचा व्यास 47.8 मिमी, बँडची रुंदी 8.35. पण जुनी वाटी 52 ची होती. नुसतं फेसिंग करून वाटी एवढी आत येत नाही, आणि कुरतडलेला काठही भरायचाच होता. म्हणून आर्गन वेल्डिंग.

चाळीस वर्षांची ओतीव हेडं तेल प्यालेली असतात. नीट धुतली नाहीत तर वेल्डिंग करताना फेस येतो आणि आत बुडबुडे राहतात. आम्ही ती केमिकलने धुऊन, भट्टीत तापवून, पुन्हा घासून घेतली. वेल्डिंगआधी हेड दीडशे अंशांपर्यंत तापवलं आणि सिलिकॉन असलेला 4043 रॉड वापरला. भरल्यावर राखेत पुरून सावकाश थंड केलं. तरीही हेड थोडं वाकतंच, म्हणून फेसिंग नेहमी वेल्डिंगनंतर.

लेथवर हेड धरण्याची पद्धत मला या कामातला सगळ्यात नाजूक भाग वाटते. चकमध्ये फिन पकडून धरलं तर फिन तुटतात आणि मध्यही मिळत नाही. त्यासाठी 14 मिमी, 1.25 पिचच्या आट्यांचा एक मँड्रेल (काम धरायचा दांडा) बनवला, तो प्लगच्या भोकात आवळला आणि हेड त्यावर फिरवलं. उजव्या हेडच्या प्लगच्या आट्याच मुळात किंचित तिरक्या निघाल्या. डायल लावल्यावर काटा हलताना दिसला. शिम (पातळ पत्रा) घालून ते सरळ केल्यावरच हत्यार लावलं. आधीच्या गॅरेजच्या तिरक्या फेसिंगचं कारणही बहुधा हेच असावं. शिवाजी उद्यमनगरातले आमचे टर्नर मिशीतल्या मिशीत हसून म्हणाले, "डायल लावायला दहा मिनिटं लागतात हो, पण ती दहा मिनिटं कुणाकडे नसतात."

बँडचा उतार पिस्टनच्या माथ्याच्या उताराशी जुळला पाहिजे. पिस्टनवर पत्रा धरून टेम्प्लेट कापलं आणि बँड त्याहून एखाद अंश आतल्या बाजूला उघडा ठेवला, म्हणजे मिश्रणाला मध्याकडे वाट मिळते. काठाची 0.4 ची खाच फेसिंगमध्ये काढून टाकली. गॅस्केट 0.8 मिमी तांब्याचं, लाल तापवून मऊ केलेलं. हिशोब: 0.8 अधिक पिस्टनचे 0.2, बरोबर 1.0.

वाटी शेवटी. आधी मुद्दाम लहान ठेवली, मग थोडी कापायची, ब्युरेटने मोजायची, पुन्हा कापायची. शेवटी डावं 16.9, उजवं 16.8 सीसी. म्हणजे दोन्हीकडे कम्प्रेशन 6.9. काठावरचं मिश्रण आता दीड सीसीच्याही आत, एकूण जागेच्या नऊ टक्के. सोल्डरची तार 0.98 ते 1.03 मध्ये.

वाटी बफ मारून आरशासारखी करावी असा मालकांचा आग्रह होता. काठावरचे टोकदार कोपरे आणि हत्यारांच्या खुणा काढल्या, तेवढं पुरे. चकाकीने ताकद वाढल्याचं मी तरी पाहिलेलं नाही, आणि कार्बन चढला की दोन महिन्यांत सगळी हेडं सारखीच काळी दिसतात.

बसवल्यावर

जळणं लवकर उरकत असेल तर ठिणगीही थोडी उशिरा हवी. टायमिंग दोन्हीकडे टॉपआधी 1.8 मिमी, म्हणजे 19 अंश केलं. तापून थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा आवळले. मऊ तांबं बसतं, त्यामुळे हे टाळता येत नाही.

किकने कम्प्रेशन गेज लावून आधी डावीकडे 105 आणि उजवीकडे 118 पीएसआय आलं होतं. आता 128 आणि 130. हे आकडे एकाच गेजचे, एकाच थ्रॉटलवरचे असल्याने तुलनेला चालतात. दुसऱ्याच्या गाडीशी ताडून बघू नयेत.

पन्हाळ्याचा तोच चढ, तोच गिअर. खणखण नाही. प्लगच्या वॉशरखाली लावलेल्या सेन्सरवर उजव्या हेडचं तापमान जुन्या हेडसह, म्हणजे टायमिंग आणि जेट बदलल्यानंतरही, 200 च्या वर चढत होतं. नव्या हेडने ते 180 च्या आसपास थांबलं. कम्प्रेशन वाढलं आणि तापमान उतरलं, हे मालकांना पटवून द्यायला सर्वांत जास्त वेळ लागला. थोडी वजाबाकी करायला हवी: यात एक अंश उशिरा केलेल्या ठिणगीचाही वाटा आहे, आणि ती ठिणगी उशिरा करणं नव्या हेडमुळेच परवडलं, त्यामुळे दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

डायनो (ताकद मोजायचं यंत्र) नव्हता, म्हणून अश्वशक्तीचा आकडा देत नाही. फरक जाणवतो तो चार हजारांच्या आसपास, जिथे ही एलटी आधी ओढ घ्यायला कुरकुर करायची. वरच्या टोकाला फारसा बदल नाही, आणि तो अपेक्षितही नव्हता. ते काम पोर्ट आणि सायलेन्सरचं. आयडलिंग मात्र लगेच सुधारलं, कारण दोन्ही सिलिंडर पहिल्यांदाच सारखे झाले होते.

रनिंग झाल्यावर हेड पुन्हा काढून बघितलं. पिस्टनच्या माथ्यावर मधोमध तपकिरी कार्बन आणि काठाला सगळीकडून सारखी, स्वच्छ धातूची कडी. स्क्विश काम करत असल्याची ही खूण. फट मोठी असती तर काठही काळा झाला असता. कुरतडल्याचा नवा डाग कुठेही नव्हता.

मालक आता एचटीसारखं करायचं म्हणून एक्झॉस्ट पोर्ट दीड मिमी वर न्यायचा विचार करतायत. तसं केलं तर हे हेड तसंच चालणार नाही. पोर्ट वर गेला की दाबायला 30.5 ऐवजी 29 मिमीच उरतात, अडकलेलं मिश्रण 94.8 सीसी होतं, आणि 16.9 सीसीच्या या वाटीत कम्प्रेशन परत 6.6 वर येतं. तेच 6.9 राखायचं तर वाटी 16.1 सीसीची लागेल. म्हणजे पुन्हा आर्गन, पुन्हा मँड्रेल, कारण फट 1.0 च्या खाली न्यायची नाही. त्यांना सांगितलंय, बॅरल आणाल तेव्हा हेडंही बरोबर आणा, आणि तिसरं गॅस्केट आणू नका.